‘आणि’ म्हणजे गुणाकार, ‘किंवा’ म्हणजे बेरीज: हे पाठ करू नका

परीक्षा जवळ आल्या की एक पान व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतं. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, मजकूर तोच. संभाव्यता, क्रमचय-संचय आणि सांख्यिकी या तिन्हींची तयारी एका पानात होते, असा त्याचा दावा. ‘आणि’ दिसलं की गुणा, ‘किंवा’ दिसलं की मिळवा. ‘निवड’ शब्द असेल तर एनसीआर (क्रम न मोजता निवडण्याचं सूत्र), ‘मांडणी’ असेल तर एनपीआर (क्रम धरून मांडण्याचं सूत्र). संभाव्यता म्हणजे हवे ते प्रकार भागिले एकूण प्रकार. सांख्यिकी म्हणजे सूत्रात आकडे भरणं. आणि सराव म्हणजे सोडवलेली दोनशे उदाहरणं वाचून काढणं.

माझ्या वर्गातली अकरावी-बारावीची मुलं हे पान वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून येतात. ती आळशी नसतात. त्यांना या प्रकरणांची भीती वाटते आणि हे पान त्यांना धीर देतं. पण ज्या प्रश्नांना ती घाबरतात, नेमक्या त्याच प्रश्नांत ते दगा देतं. म्हणून त्यातली एकेक ओळ घेऊन ती कुठे मोडते ते दाखवते.

‘आणि–किंवा’चा नियम मोडायला एकच फासा पुरतो. फासा टाकल्यावर सम संख्या किंवा ३ पेक्षा मोठी संख्या येण्याची संभाव्यता किती? सम संख्या तीन, म्हणून १/२. ३ पेक्षा मोठ्या संख्याही तीन, म्हणून १/२. ‘किंवा’ आहे, मिळवा. उत्तर आलं १, म्हणजे ही घटना घडणारच. आता फासा टाका. १ पडला की काय म्हणायचं? आता दोन रांगा लिहू: २, ४, ६ आणि ४, ५, ६. ४ आणि ६ दोन्हीकडे आहेत, बेरजेत ते दोनदा मोजले गेले. खरी यादी २, ४, ५, ६ अशी चारांची, म्हणून उत्तर ४/६.

त्याच फाशावर ‘आणि’ विचारा: सम आणि ३ पेक्षा मोठी. नियम सांगतो १/२ गुणिले १/२, म्हणजे १/४. यादी सांगते ४ आणि ६, म्हणजे २/६. एका प्रश्नाचे दोन्ही भाग चुकले, आणि प्रश्न दहावीचा आहे. बेरीज चालते, पण दोन घटना एकत्र घडूच शकत नसतील तेव्हा. थेट गुणाकार चालतो, पण एकीचा दुसरीवर परिणाम होत नसेल तेव्हा. पिशवीत २ लाल आणि ३ निळे चेंडू असतील आणि काढलेला चेंडू परत टाकायचा नसेल, तर दोन्ही लाल येण्याची संभाव्यता २/५ गुणिले १/४ होते. दुसरा अपूर्णांक बदलला तो पिशवीतले चेंडू बदलले म्हणून. प्रश्नातल्या ‘आणि’ या शब्दाने ती खबर दिलेली नसते.

ही चूक नवी नाही. चार वेळा फासा टाकला तर निदान एकदा ६ येण्याची संभाव्यता? पहिल्यांदा किंवा दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा किंवा चौथ्यांदा, म्हणून १/६ चार वेळा मिळवून ४/६ म्हणणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. त्यांना मी एवढंच विचारते: सहा वेळा टाकला तर? बेरीज १ होते. सात वेळा? १ च्या वर जाते. तिथे ती थांबतात आणि वहीकडे बघतात. मग उलट बाजूने जायचं: एकदाही ६ न येण्याची संभाव्यता ५/६ चा चौथा घात, ती १ मधून वजा केली की सुमारे ०.५१८. सहा वेळा टाकला तर सुमारे ०.६६५. फ्रान्समध्ये १६५४ साली शेव्हालिए द मेरे या जुगारी सरदाराने गणिती पास्कालपुढे ज्या अडचणी ठेवल्या, त्यातली एक याच जातीची होती. एका फाशाच्या ४ फेकींत निदान एकदा ६ येण्यावर पैज लावणं फायद्याचं, तर दोन फाशांच्या २४ फेकींत निदान एकदा दुहेरी ६ येण्यावरही असायला हवं, कारण ४ ला ६ शी जे प्रमाण तेच २४ ला ३६ शी, असा तो तर्क (एका फाशाचे प्रकार ६, दोन फाशांचे ३६). प्रत्यक्षात दुसरी संभाव्यता सुमारे ०.४९१ आहे, निम्म्याहून कमी. पास्काल आणि दुसरा फ्रेंच गणिती फर्मा यांच्यात त्या वर्षी जो पत्रव्यवहार झाला, त्यातून हे शास्त्र उभं राहिलं.

पानावरच्या एनसीआर–एनपीआरच्या ओळीचा मला सर्वात जास्त राग येतो, कारण ती मुलांना प्रश्न वाचण्याऐवजी त्यातले शब्द हुडकायला शिकवते. दहा जणांतून अध्यक्ष आणि सचिव ‘निवडा’. शब्द निवडीचा आहे, पण अ अध्यक्ष व ब सचिव हे एक आणि ब अध्यक्ष व अ सचिव हे दुसरं. उत्तर ९०, एनसीआरचं ४५ नव्हे. उलटं पाहा: ३ सारखे लाल आणि २ सारखे पांढरे झेंडे एका रांगेत किती प्रकारे ‘मांडता’ येतील? शब्द मांडणीचा, पण पाच जागांपैकी पांढऱ्यांच्या दोन जागा निवडल्या की सगळं ठरलं. उत्तर १०, आणि ते एनसीआरने येतं.

शब्दाकडे बघून सूत्र ठरत नसेल तर ठरवायचं कशावरून? वहीत दोन प्रकार लिहा आणि स्वतःला विचारा की हे दोन वेगळे मोजायचे की एकच. ‘कमल’ची अक्षरं सहा प्रकारे लावता येतात. ‘नयन’ची? तीन अक्षरं, म्हणून पुन्हा सहा असं पटकन तोंडात येतं. लिहून काढा: नयन, ननय, यनन. तीनच. दोन ‘न’ आपसांत बदलले तरी शब्द तोच राहतो, म्हणून सहाला दोनाने भागलं.

हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत अंकपाश नावाचं प्रकरण आहे. शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, डमरू अशी दहा आयुधं अदलाबदल करून दिली तर मूर्तीचे भेद किती, हा त्यातला प्रसिद्ध प्रश्न. उत्तर ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांतल्या गदा, चक्र, कमळ, शंखाचे २४. पण भास्कराचार्य तिथे थांबत नाहीत. पुढे ते २, २, १, १ हे अंक घेऊन किती संख्या होतील असं विचारतात, आणि मग ४, ८, ५, ५, ५ हे अंक घेतात. उत्तरं ६ आणि २०. आधी सगळं वेगवेगळं, मग काही सारखं: उदाहरणांचा क्रमच शिकवतो की सूत्र लावण्याआधी काय सारखं आणि काय वेगळं ते बघायचं. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात, १२०७ च्या सुमारास, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाची नोंद आहे. खानदेशातल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते.

याच ओळीतला आणखी एक सापळा म्हणजे गट पाडणं. कबड्डीसाठी १४ जणांचे सात-सातचे दोन संघ किती प्रकारे पाडता येतील? १४ मधून ७ निवडले की ३४३२, असं उत्तर बहुतेक वह्यांत असतं. बरोबर की चूक, हे १४ जणांत कळत नाही. चौघांत बघा: अ, ब, क, ड. सूत्राने ६. यादी: अब–कड, अक–बड, अड–बक. संपलं, तीनच. कारण ‘अब’ निवडणं आणि ‘कड’ निवडणं ही एकच विभागणी आहे. म्हणून १४ जणांसाठी १७१६. हो, एका संघाला लाल आणि दुसऱ्याला निळा टी-शर्ट ठरलेला असेल तर ३४३२ बरोबर. प्रश्नात संघांना नाव किंवा रंग आहे का, एवढ्या एका तपशिलावर उत्तर दुप्पट किंवा निम्मं होतं.

‘हवे ते भागिले एकूण’ ही ओळ चुकीची नाही, अर्धी आहे. राहिलेला अर्धा भाग म्हणजे सगळे प्रकार सारख्याच संभाव्यतेचे असले पाहिजेत. तो गळला की मोठमोठी माणसं चुकतात. दालांबेर हा फ्रेंच गणिती. १७५४ साली विश्वकोशातल्या नोंदीत त्याने लिहिलं की नाणं दोनदा उडवल्यावर निदान एक छाप येण्याची संभाव्यता २/३ आहे. त्याचा हिशेब असा: पहिल्यांदाच छाप आली तर खेळ संपला, नाहीतर काटा-छाप, नाहीतर काटा-काटा. तीन प्रकार, दोन हवे ते. पण पहिल्यांदाच छाप येणं हा प्रकार बाकीच्या दोघांच्या दुप्पट वजनाचा आहे. चार ओळी लिहिल्या की उत्तर ३/४ येतं.

त्याच्याही शतकभर आधी इटलीतल्या जुगाऱ्यांना एक कोडं पडलं होतं. तीन फाशांची बेरीज ९ सहा प्रकारे येते: १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४, ३-३-३. बेरीज १० सुद्धा सहाच प्रकारे: १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४, ३-३-४. मग अनुभवात १० जास्त वेळा का पडतो? गॅलिलिओने उत्तर दिलं. फासे वेगळे धरले की १-२-६ सहा तऱ्हांनी पडतो, १-४-४ तीन तऱ्हांनी, ३-३-३ एकाच तऱ्हेने. एकूण २१६ पैकी ९ च्या वाट्याला २५ येतात, १० च्या वाट्याला २७. वर्गात मी मुलांना तीन फासे लाल, हिरवे, निळे आहेत असं समजून लिहायला लावते. रंग दिला की गोंधळ जातो.

सांख्यिकीबद्दल थोडक्यात, कारण इथे सूत्रं खरंच सोपी आहेत आणि चूक सूत्राबाहेर होते. एका तुकडीतल्या ४० मुलांचा मध्य, म्हणजे सरासरी, ६० गुण, दुसरीतल्या १० मुलांचा ८०. दोन्ही मिळून ७० नाही, ६४. एका कारखान्यात नऊ कामगारांना प्रत्येकी १५,००० आणि व्यवस्थापकाला २,१५,००० पगार असेल तर मध्य ३५,००० येतो, जो तिथे कोणालाच मिळत नाही. मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा आकडा, १५,००० आहे आणि तो नऊ जणांची गोष्ट सांगतो. अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात १९७३ साली पदव्युत्तर प्रवेश मिळालेल्या पुरुष अर्जदारांचं प्रमाण सुमारे ४४ टक्के आणि स्त्रियांचं ३५ टक्के होतं. विभागवार पाहिल्यावर स्त्रियांविरुद्धचा तसा कल दिसेना. स्त्रियांचे अर्ज जिथे प्रवेश मिळणं कठीण अशा विभागांकडे जास्त होते. टक्केवारी काढणाऱ्यांनी कुठेही हिशेब चुकवला नव्हता.

राहिली सरावाची ओळ. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. तिथे यादी करत बसायला वेळ कुठे, असं मुलं म्हणतात. खरं आहे. पण ते परीक्षेच्या खोलीतलं बंधन आहे, घरातल्या टेबलावरचं नाही. सोडवलेलं उदाहरण वाचताना पुढची पायरी आयतीच डोळ्यासमोर असते, त्यामुळे आपल्याला ती सुचली असती असं वाटत राहतं. दोनशे वाचण्यापेक्षा वीस सोडवा, आणि प्रत्येक दोन वाटांनी.

एक उदाहरण घेऊ. ५ मुलगे आणि ३ मुली रांगेत असे बसवा की कोणत्याही दोन मुली शेजारी नसतील. पानाच्या सवयीने मुलं एकूण ४०,३२० मधून तिन्ही मुली एकत्र असलेल्या ४,३२० रचना वजा करतात आणि ३६,००० लिहितात. उत्तर भारदस्त दिसतं. आता हीच रीत २ मुलगे आणि ३ मुलींवर लावा: १२० वजा ३६, म्हणजे ८४. पण पाच खुर्च्यांवर मुलगी-मुलगा-मुलगी-मुलगा-मुलगी याखेरीज दुसरी रचनाच शक्य नाही, आणि तिचे प्रकार ६ गुणिले २, म्हणजे १२. रीत चुकीची आहे हे लहान उदाहरणाने दोन मिनिटांत सांगितलं: दोनच मुली शेजारी असलेल्या रचना वजा करायच्या राहून गेल्या. आधी मुलगे बसवा, १२० प्रकार. त्यांच्या आजूबाजूच्या ६ फटींत ३ मुली, १२० प्रकार. उत्तर १४,४००. आणि २ मुलग्यांवर तीच रीत लावली की १२ च येतात.

माझ्या वर्गात नियम एवढाच आहे: मोठ्या आकड्यांचं उत्तर लिहिण्याआधी तीच रीत चारपाच जणांवर चालवून यादीशी ताडून बघायची. आज घरी करून बघायचं असेल तर मघाचे १४ कबड्डीपटू घ्या. त्यांत दोन सख्खे भाऊ आहेत आणि ते एका संघात नकोत. संघांना नावं नाहीत. आधी चौघांत बघा, अ आणि ब भाऊ समजा: दोन विभागण्या सापडतील. मग १४ जणांसाठी मांडा. १८४८ आले तर प्रत्येक विभागणी दोनदा मोजली गेली आहे. ९२४ आले तर बरोबर.