आई, माझं आरमार तुमच्या हद्दीत आहे

अंतराळात साम्राज्य उभारायचा खेळ खरं तर एकट्याने खेळावा. संगणक चालवतो ती परकी साम्राज्यं कितीही दुष्ट असली, तुमचे ग्रह बेचिराख करून गेली, तरी रात्री जेवायला तुमच्यासमोर बसत नाहीत. हे सुख सोडून मी 'स्टेलारिस'ची मोहीम घरच्यांबरोबर मांडली, आणि तेव्हापासून आमच्याकडे मीठ पुढे सरकवतानाही तहाची कलमं आठवतात.

२०१६ साली आलेला हा खेळ सुरू होतो १ जानेवारी २२०० या तारखेला, आणि नियमांना हात लावला नाही तर अंतिम हिशेब २५०० साली. म्हणजे तीनशे वर्षांचा संसार. 'आता तुझी पाळी' असला प्रकार यात नाही. काळ सगळ्यांसाठी एकदम चालतो आणि सगळे एकदम राज्य करतात. त्यामुळे कुणी पाणी प्यायला उठलं की काळ थांबवावा लागतो. आमच्या घरात काळ फार थांबतो.

खेळाची यजमान मी. यजमानाने खेळाची जी जादा पॅकं, म्हणजे नव्या राजवटी-जमातींच्या पुरवण्या, विकत घेतली असतील ती मोहिमेत सगळ्यांना वापरता येतात, हे कळल्यावर घरच्यांनी माझ्या पैशाने मिळतील तेवढे दुर्गुण वेचून घेतले.

मुलाने 'कट्टर शुद्धीवादी' राजवट निवडली. या जमातीला इतरांशी राजनैतिक संबंध ठेवताच येत नाहीत. तह नाही, व्यापार नाही, दूत पाठवून गोडीगुलाबी नाही. चौदा वर्षांच्या मुलाला अशी राजवट मिळाल्यावर अभिनयाचा प्रश्नच मिटला. विचारलेल्या प्रश्नाला तो खेळात आणि खेळाबाहेर सारखंच उत्तर देतो. म्हणजे देत नाही.

मुलीने महाकंपनी काढली, तीही गुन्हेगारी वारशाची. अशी कंपनी कुणाचीही परवानगी न घेता दुसऱ्याच्या ग्रहावर शाखा उघडू शकते. शाखेमुळे तिथली गुन्हेगारी वाढते, आणि ती वाढली की शाखेचा नफा वाढतो. तिने पहिली शाखा आजीच्या राजधानीत उघडली आणि वर "आजी, तुझ्याकडे रोजगार आणतेय मी" असं सांगितलं. रोजगार आलाही. पदाचं नावच 'गुन्हेगार' होतं.

सासूबाईंनी घेतली भूछत्रांची जमात, आणि धोरण कट्टर शांततावादाचं. युद्ध आपणहून सुरू करता येणार नाही, फक्त कुणी चालून आलं तर लढता येईल, ही अट मी त्यांना दोनदा वाचून दाखवली. "बरंच आहे, तेवढाच ताप कमी," त्या म्हणाल्या. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. त्यांनी शेजारी एक रेघांची वही उघडून ठेवली. डाव्या पानावर महिन्याची आवक, उजव्या पानावर खर्च: ऊर्जा, खनिजं, अन्न, आणि जहाजं ज्यांतून बनतात ते मिश्रधातू. पडद्यावर हे आकडे कोपऱ्यात सतत दिसत असतात असं मुलाने सांगून पाहिलं. त्यावर त्या म्हणाल्या, "दिसू देत. मी पडताळते."

नवऱ्याने काय घेतलं ते आता कुणाला आठवत नाही, कारण तो अजून पाहणीच करतोय. १९९३ साली अ‍ॅलन एमरिक यांनी 'मास्टर ऑफ ओरायन' या अशाच खेळाबद्दल लिहिताना या धाटणीच्या खेळांना 'फोर एक्स' म्हटलं होतं: शोधा, पसरा, उपसा, संपवा. इंग्रजीत हे चारही शब्द 'एक्स'ने सुरू होतात. मुलाने थेट चौथ्यापासून सुरुवात केली आणि नवरा पहिल्यावरच रमलाय. त्याची विज्ञाननौका एखाद्या ताऱ्याशी पोचते, तिथे काहीतरी विचित्र सापडतं, आणि परिच्छेदभर मजकूर येतो. एकट्याने खेळताना तो वाचून होईस्तोवर खेळ आपोआप थांबतो. पाच जणांत थांबत नाही. म्हणून नवरा स्पेसबार दाबतो, खुर्चीत मागे रेलतो आणि आम्हाला मोठ्याने वाचून दाखवतो. कुठल्याशा मृत ग्रहावर कुणाचीतरी थडगी, त्यावर कोरलेला मजकूर, मग पुढचं पान. पहिलं थडगं आम्ही आदराने ऐकलं. आता स्पेसबारचा आवाज आला की मुलगी "बाबा, कोण वारलं?" एवढंच विचारते.

खरी पंचाईत भाषेची झाली. घरात ज्यांना 'अहो आई' म्हणते त्यांच्या सीमेवर क्रूझर उभी करायची, तर बोलायचं काय? खेळात दुसऱ्या साम्राज्याचा अपमान करायला वेगळं बटण आहे, पण नम्रपणे आरमार घुसवायची सोय नाही. शेवटी मी तोंडानेच सांगितलं, "आई, माझं आरमार तुमच्या हद्दीत आलंय. गैरसमज नको, मला फक्त पलीकडे जायचंय."

"ये की," त्या म्हणाल्या. "जहाजं किती आहेत तेवढं सांग, वहीत लिहायचंय."

पुढे एकदा मी त्यांच्यासाठी सीमा बंद केली. त्यांची विज्ञाननौका माझ्या खाणींच्या आसपास घुटमळत होती, म्हणून. "अगं, माझं जहाज अडकलंय गं कुठेतरी," असं त्या म्हणताच मी घाईघाईने म्हटलं, "आई, ते सगळ्यांसाठीच बंद आहे." पण ज्याच्यासाठी सीमा बंद करायची त्याचं नाव निवडूनच ती आज्ञा द्यावी लागते. आणि प्रत्येक खिडकीतली बारीक अक्षरं वाचणारी आमच्या घरात एकच व्यक्ती आहे. त्या काही बोलल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं मात्र.

युद्ध मी नवऱ्याशी केलं. त्याच्याशी बोलायला भाषेचा अडसर नाही. एखाद्या ताराप्रणालीवर दावा लावायचा तर 'प्रभाव' नावाचं भांडवल मोजावं लागतं, आणि ते दरमहा चिमूटभर मिळतं. आधी दावे, मग युद्धाची घोषणा. घरातल्या भांडणांना हा नियम लावला तर निम्मी भांडणं भांडवलाअभावी बारगळतील.

"तू माझ्यावर दावा लावलास कधी?" त्याने विचारलं.

"तू ते थडगं वाचत होतास तेव्हा."

मला या खेळात सगळ्यात काय आवडत असेल तर युद्धाच्या थकव्याचा काटा. जहाजं बुडतात, माणसं मरतात, काळ लोटतो, तसा तो चढत जातो. शंभर टक्के भरला आणि वर चोवीस महिने गेले की समोरचा तुमच्यावर 'जैसे थे' लादू शकतो, म्हणजे दावा लावून जे ज्याने जिंकलंय ते त्याच्याकडेच राहतं. मग दहा वर्षं सक्तीची युद्धबंदी. कोण बरोबर होतं याचा निकाल लावायची गरजच नाही. आमचं युद्ध नियमाप्रमाणे असं मिटलं, त्याच्या दोन प्रणाली माझ्याकडे आल्या आणि खेळातली दहा वर्षं तो हातही उगारू शकला नाही. खेळाबाहेर मात्र काटा नसल्याने ते पुढे बराच काळ चाललं. "दोन घेतल्यास ना, मग लाइटचं बिलही तूच भर," इथवर मजल गेली.

आम्ही दोघं मिश्रधातू जाळत होतो, तेव्हा सासूबाई कुणाच्याच बाजूला नव्हत्या. त्या दर काही वर्षांनी संगणकाच्या साम्राज्यांकडे दूत पाठवून संबंध सुधारत होत्या. ज्या साम्राज्यांची नावंही आम्ही कधी वाचली नव्हती, त्यांच्याबद्दल त्या "ते कीटक फार सरळ आहेत हो" असं जिव्हाळ्याने बोलायच्या. आकाशगंगेची महासभा भरली तेव्हा या जिव्हाळ्याचा अर्थ कळला. तिथे प्रत्येकाच्या मताला त्याच्या राजनैतिक वजनाइतकं मोल असतं. मुलाला महासभेत प्रवेशच नाही. मुलीकडे पैसा होता, पण भरवशाचं गिऱ्हाईक आजीच. आमची आरमारं अर्धी झालेली. सासूबाईंचं वजन सगळ्यांत जास्त.

महासभेला एका साम्राज्याची आकाशगंगेचा पालक म्हणून नेमणूक करता येते, तीस वर्षांच्या मुदतीवर. सासूबाईंनी स्वतःचंच नाव सुचवलं. कीटकांनी हात वर केले. पालक झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर गुन्हेगारीचं दप्तर उघडून नातीला "ती शाखा बंद कर बघू" असं सांगितलं, आणि नातीने निमूटपणे ती बंद केली. या मुलीला मी आजवर खोलीतला दिवा बंद करायला लावू शकलेले नाही.

२४०० साल उलटलं की खेळात अंतिम संकट येऊ शकतं. आमच्याकडे आले प्रेथोरिन, आकाशगंगेच्या बाहेरून येणारा, ग्रहच्या ग्रह खाऊन टाकणारा थवा. आकाशगंगेला कडा चहूकडे आहेत, पण ते उतरले माझ्याच कडेला. पडद्याच्या त्या बाजूने एकेक प्रणाली गिळत ते सरकू लागले. आमचा जुना लॅपटॉप एव्हाना इतका धापा टाकत होता की माझा विनाशही रखडत रखडत चालला होता. नवऱ्याने उत्साहाने स्पेसबार दाबून थव्याची माहिती वाचायला घेतली. मुलगा माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि बऱ्याच दिवसांनी आपणहून बोलला, "आई, मरणार तू."

माझ्याकडे मोजकी जहाजं उरली होती. सासूबाईंच्या वहीत मिश्रधातूंच्या जमेची बेरीज पुढच्या पानावर गेली होती.

"आई," मी म्हटलं, "तुमचं आरमार जरा माझ्या हद्दीत पाठवता का?"

"पाठवते की, त्यात विचारायचं काय," त्या चष्मा वर सरकवत म्हणाल्या. "सीमा उघडलीस ना आता?"

"उघडली."

"बरं केलंस. आणि अगं, पालकाची मुदत काढून टाकायचा ठराव आलाय महासभेत. सगळ्यांची मतं पडली, तुझंच तेवढं दिसत नाहीये."