नावांवर तारेची घासणी चालवू नका
आज ९ नोव्हेंबर. १९३८ साली याच रात्री नाझींनी जर्मनीभर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं पेटवली, ज्यूंची घरं-दुकानं फोडली. म्हणून आज तिथल्या फुटपाथवरचे स्टोल्परस्टाइन, म्हणजे नाझींच्या बळींच्या आठवणीसाठी त्यांच्या घरांसमोर बसवलेले 'ठेचेचे दगड', लोक घासूनपुसून लख्ख करतात. चांगलंच आहे. पण सकाळी बर्लिनमधल्या एका दगडाचा फोटो बघितला आणि डोकंच फिरलं. कुणीतरी त्यावर तारेची घासणी चालवलीय! पितळ चकाकतंय आणि नावावर आडवेतिडवे ओरखडे.

अहो, ते करपलेलं पातेलं नाही! दहा सेंटिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा, वर पितळेचा पत्रा आणि त्यात एकेक अक्षर हातोडीनं ठोकलेलं. मुद्दाम हातानं. माणसं कारखान्यासारखी मारली, निदान नावं तरी यंत्रातून निघू नयेत म्हणून. 'इथे राहत होती', मग नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कुठे मारलं. गुंटर डेमनिग या जर्मन कलाकारानं १९९२ मध्ये कोलोनला सुरुवात केली, २०२३ मध्ये एक लाखावा दगड बसला. यातल्या बहुतेकांना कबरही नाही. आणि आपण त्या नावावर तार फिरवायची?

आधी ओल्या फडक्यानं माती काढा. वाळूचा कण राहिला तर पॉलिशबरोबर तोच ओरखडतो. भोवतीच्या फरशीला कागदी चिकटपट्टी लावा, नाहीतर डाग पडतात. मऊ फडक्यावर थोडंसं पितळेचं पॉलिश घेऊन हलक्या हातानं चोळा. खाचांत अडकलेलं पॉलिश जुन्या मऊ टूथब्रशनं काढा, पाण्यानं धुवा, कोरडं करा. खाचांतला काळेपणा मात्र राहू द्या, अक्षर त्यामुळेच उठून दिसतं. आणि आपली चिंच-मीठ? नको. आंबट जास्त वेळ राहिलं की पितळेतलं जस्त निघतं, तांबूस डाग पडतात. घरातला तांब्या खळखळून धुता येतो, जमिनीत बसवलेल्या दगडाच्या कडांत आंबट राहूनच जातं.

म्युनिकनं सार्वजनिक रस्त्यावर हे दगड नाकारले. नावं पायदळी नकोत, असं तिथल्या ज्यू समाजाच्या नेत्या शार्लोटे क्नोब्लॉख म्हणतात, आणि त्या स्वतः नाझींपासून लपून वाचलेल्या. पाय लागला की नमस्कार करणाऱ्या आपल्याला ते कळतं, मान्य. पण वर्दळीच्या रस्त्यावर पायांनीच पितळ उजळ राहतं, हेही खरंच.

त्या ओरखडलेल्या दगडाचं आता काय? पॉलिश पेपर घेऊन बसू नका, अक्षरांच्या कडा झिजतील. राहू द्या तसाच. ज्यानं घासलं तोही थंडीत गुडघे टेकून बसलाच असेल ना. २७ जानेवारीला, आउशविट्झची नाझी मृत्युछावणी मुक्त झाली त्या दिवशी, तो पुन्हा येईल. तेव्हा त्याच्या हातात मऊ फडकं द्या.