गाला डिनर, निवारा आणि सटकलेला पश्या

शिल्पाने ग्रुपवर टाकलं होतं की बेघरांसाठी निवारा चालवणाऱ्या एका संस्थेचं शनिवारी गाला डिनर आहे, म्हणजे तिकीट आणि लिलावातून देणग्या जमवायचं मोठं जेवण, व्हॉलेंटियर हवेत, कोण कोण येतंय. संध्याकाळी परळच्या कट्ट्यावर ती येऊन टेकते न टेकते तोच पश्या सुरू. "फुटपाथवर झोपणाऱ्यांच्या नावाने फाइव्ह स्टारमध्ये चिकन हाणायचं आणि आपण काळे कपडे घालून वाढपी व्हायचं?"

"वाढायला हॉटेलची माणसं असतात रे," शिल्पा म्हणाली. व्हॉलेंटियर लागतात ते दारातल्या टेबलावर, लिलावात कोणी किती बोली लावली ते लिहायला, आणि सगळ्यात वैतागाचं काम म्हणजे देणगीदाराचा पॅन, आधार नाहीतर तसलाच ओळखीचा नंबर घ्यायला, कारण तो नसेल तर संस्था टॅक्सखात्याला देणग्यांचा जो १० बीडी फॉर्म भरते त्यात त्याची देणगी दाखवता येत नाही आणि मग ८० जी साठी, म्हणजे देणगीवरच्या टॅक्स सवलतीसाठी, तोच माणूस मे महिन्यात बोंबलत फोन करतो. वर ज्याने नवीन टॅक्स पद्धत घेतलीय त्याला ८० जी मिळतच नाही, हे पण हसतमुखाने सांगायचं.

बंड्या अकाउंट्सवाला. म्हणे एवढा तमाशा कशाला, मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआर, म्हणजे समाजकामावरचा खर्च, कायद्यानेच आहे, तिथून घ्या. शिल्पा म्हणाली घेतो ना, पण तो बहुतेक वेळा प्रोजेक्टला बांधलेला असतो. पलंग मिळतात, पाण्याचं मशीन मिळतं, वर लोगो. रात्रपाळीच्या केअरटेकरचा पगार, वीजबिल, रात्री दोनला कोणाला केईएम हॉस्पिटलला न्यायचं तर टॅक्सी, हे कुठून द्यायचं? गालाचे पैसे कशालाही वापरता येतात, त्यासाठीच धडपड. मग बंड्यानेच सांगितलं की मार्केटिंगच्या फायद्यासाठी केलेली स्पॉन्सरशिप नियमाप्रमाणे सीएसआरमध्ये धरत नाहीत, त्यामुळे कंपनी गालाचं अख्खं टेबल विकत घेते ते मार्केटिंगच्या खात्यातून.

"म्हणजे जाहिरातच ना!" पश्या उसळला. आणि मग त्याने जे काढलं ते मला तरी खोडता आलं नाही. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय की मोठ्या शहरात लाख लोकसंख्येमागे एक निवारा, चोवीस तास, बारा महिने. २०११ च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या आसपास, म्हणजे सव्वाशे निवारे झाले. बेघर मोजले ते ५७ हजारांच्या वर, आणि रात्री पुलाखाली झोपलेला माणूस मोजणाऱ्याला सापडतो कितपत ते आपण जाणतोच. जे महापालिकेने करायचं ते लिलावात पेंटिंग विकून का?

मिलमधून रिटायर झालेले काका इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या त्या लोकांच्या पैशातूनच ना? दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही टाटा कॅन्सर हॉस्पिटलचे पेशंट राहतात, नाहीतर ते पण फुटपाथवरच असते." मुद्दा खरा आहे, टाटाच्या बाहेर पथारी टाकलेली कुटुंबं आपण रोज बघतो, गावी घर असूनही इथे बेघर.

पश्या म्हणाला, काका, बाबा पैसे घ्यायचे पण कीर्तनात समोरच्याला सोलून काढायचे, इथे निवाऱ्यातल्या माणसालाच स्टेजवर उभं करून रडवतात. शिल्पा जरा गप्प झाली. म्हणाली मागच्या वेळी तसं झालं होतं, मला पण नाही आवडलं, यंदा मी स्पष्ट सांगितलंय की कोणाला स्टेजवर आणायचं नाही.

माझं म्हणणं एवढंच होतं की हॉल आणि जेवण कोणी स्पॉन्सर केलंय का ते आधी विचार. नसेल तर तिकिटाचा बराचसा पैसा तिथल्या तिथे पोटात जातो आणि निवाऱ्याला उरतं ते आकडा जाहीर करण्यापुरतं. शिल्पा म्हणाली, जेवण स्पॉन्सर आहे, खरं दुखणं वेगळंच. त्या रात्री गाणं-बिणं झाल्यावर सगळे जोशात हात वर करतात, मी पन्नास हजार, मी लाख, आणि सोमवारपासून फोनच उचलत नाहीत.

यावर सगळ्यांनी एकदमच पश्याकडे बघितलं, कारण हा बँकेच्या रिकव्हरीत, म्हणजे थकलेल्या कर्जांच्या वसुलीत आहे.

"शनिवारी मी येणार नाही," पश्या म्हणाला. "सोमवारी यादी पाठव. पण एकालाही सर म्हणणार नाही, आधीच सांगतो."