सिस्टर विमानतळावर पोचण्याआधी

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यात नर्सही आल्या. तेव्हापासून घरच्या चर्चेत दोनच बाजू ऐकू येतात. एक म्हणते, गावच्या आरोग्य केंद्रात सिस्टर मिळत नाही आणि आपण त्यांना बाहेर धाडतोय. दुसरी म्हणते, कंत्राटी पगारावर राबण्यापेक्षा पोरींनी चार पैसे जास्त कमावले तर बिघडलं कुठे? अमेरिकेतून हे ऐकताना वाटतं, दोघेही वाद विमानतळावर सुरू करताहेत. सिस्टर तिथवर पोचेपर्यंत बरंचसं ठरून गेलेलं असतं.

हे सर्वांत नीट उलगडून दाखवलं आहे बर्कली विद्यापीठातल्या इतिहासकार कॅथरीन सेनिझा चॉय यांनी. त्यांचं 'एम्पायर ऑफ केअर' हे पुस्तक २००३ मध्ये आलं. इथे अमेरिकेतल्या रुग्णालयांत इतक्या फिलिपिनो नर्स कशा, याची दोन तयार उत्तरं असतात: त्या बायका मुळातच सेवाभावी, आणि देश गरीब. चॉय दोन्हींवर थांबत नाहीत. त्या मागे जातात, १८९८ पर्यंत, जेव्हा अमेरिकेने फिलिपाइन्स स्पेनकडून घेतला. तिथली पहिली नर्सिंग शाळा १९०६ मध्ये इलोइलोच्या मिशन हॉस्पिटलात निघाली. अभ्यासक्रम अमेरिकन, पुस्तकं अमेरिकन, भाषा इंग्रजी. हे हॉस्पिटल अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं. आपल्या मिरजेचं वॉनलेस रुग्णालयही त्याच पंथाच्या अमेरिकन मिशनचं आणि नर्सिंग तिथेही शिकवलं जाई. पण मिरजेहून अमेरिकेची अशी वाट पडली नाही, कारण मिरजेवर राज्य अमेरिकेचं नव्हतं.

पुढची पायरी १९४८ ची. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेने परदेशी तरुणांसाठी 'एक्स्चेंज व्हिजिटर' योजना काढली. नर्सने दोन वर्षं यावं, शिकावं, परत जावं, असा तिचा मसुदा. १९५६ ते १९६९ या काळात ११,००० हून अधिक फिलिपिनो नर्स या वाटेने आल्या. प्रत्यक्षात अनेक रुग्णालयांनी त्यांना विद्यावेतनावर पूर्ण नर्सचं काम दिलं. रात्रपाळ्या, माणसं कमी असलेले वॉर्ड, कधी मदतनिसाची कामंही. विद्यार्थिनी म्हणून आलेलीने पगाराचं भांडण काढायचं तरी कोणापुढे? अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्याने कायम राहण्याची दारं उघडली, तोवर माणसं नेण्याची यंत्रणा तयार होती. तिकडे नर्सिंगच्या शाळा १९५० मधल्या १७ वरून १९७० पर्यंत १४० वर गेल्या. त्या काही फिलिपाइन्सच्या खेड्यांची गरज मोजून निघाल्या नव्हत्या. नर्सिंग कॉलेजला परवानगी देतानाच ते कोणत्या बाजारासाठी आहे हे विचारायला हवं. 'आपल्या सिस्टर कुठे गेल्या' हा प्रश्न खरा त्या टेबलावरचा आहे.

फिलिपाइन्सचं सरकार माणसं बाहेर पाठवण्यात उतरलं १९७४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष मार्कोसच्या कामगार संहितेने. १९८२ चा ८५७ क्रमांकाचा आदेश मला फार बोलका वाटतो. परदेशात काम करणाऱ्याने कमाईचा ५० ते ८० टक्के भाग बँकेमार्फत मायदेशी पाठवायचा, घरकामगार बाईने ५० टक्के. नाही पाठवला तर पासपोर्टचं नूतनीकरण अडणार. हाँगकाँगच्या घरकामगार बायकांनी संघटना बांधून याला तोंड दिलं आणि १९८५ मध्ये ती शिक्षा मागे घ्यावी लागली. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन अक्विनो यांनी याच हाँगकाँगमध्ये अशाच बायकांना 'नवे वीर' म्हटलं. गौरवाच्या भाषणांपेक्षा त्या आधीच्या भांडणाने बायकांना जास्त दिलं.

'जाऊच देऊ नका' म्हणणाऱ्यांनी कोविडचा काळ आठवावा. एप्रिल २०२० मध्ये फिलिपाइन्सने नर्सना बाहेर जायला बंदी घातली. नोव्हेंबरमध्ये ती उठवून वर्षाला ५,००० ची मर्यादा ठेवली. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच सरकारने ब्रिटन आणि जर्मनीला कळवलं की लशी द्या, मर्यादा शिथिल करतो. नर्सच्या बदल्यात लस! ब्रिटनने नकार दिला. या सगळ्यात मायदेशातल्या वॉर्डात थांबलेल्या नर्सच्या पगाराचं काय, हा प्रश्न मागेच राहिला. आणि इथे अमेरिकेत, सप्टेंबर २०२० पर्यंत कोविडने गेलेल्या नोंदणीकृत नर्सपैकी ३१.५ टक्के फिलिपिनो होत्या, असं नर्सच्या राष्ट्रीय संघटनेने मोजलं. एकूण नर्समध्ये त्यांचं प्रमाण सुमारे ४ टक्के.

फिलिपाइन्सकडून घ्यायचंच तर १९९५ च्या ८०४२ क्रमांकाच्या कायद्यातलं दहावं कलम घ्या. त्या वर्षी मार्चमध्ये सिंगापूरमध्ये फ्लोर काँतेंप्लासियोन या फिलिपिनो घरकामगार बाईला फाशी झाली, फिलिपाइन्स पेटला, आणि त्या संतापातून हा कायदा आला. त्यानुसार परदेशी मालक आणि मायदेशातली भरती एजन्सी दोघंही पगाराच्या दाव्याला एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतात. मालक हाती लागला नाही तर बाई मनिलातल्या एजन्सीकडून वसूल करू शकते. पोचल्यावर दुसराच कमी पगाराचा कागद पुढे करून सही घेणं ही जुनी चाल आहे. असा बदल केला तरी ही जबाबदारी सुटत नाही, हेही त्याच कलमात लिहिलं आहे.

आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे, आणि त्याखाली परदेशी नोकरीला निघण्याआधीची सरकारी मंजुरी काही कामगारांना, तीही १८ देशांपुरती, लागते. २०१५ पासून त्या देशांत जाणाऱ्या नर्सनाही ती लागू झाली. जर्मनी त्या यादीत नाही. म्हणजे बाडेन-वुर्टेमबर्गच्या राजधानीला, स्टुटगार्टला, निघालेल्या सिस्टरचा करार या मंजुरीच्या टेबलावर येतच नाही, आणि तिने तो स्वतःच वाचायचा असतो.

त्यात नेमकं काय अडतं ते सांगतो. साधारणपणे जर्मन भाषेच्या बी-१ पातळीवर विमानात बसता येतं, पण नर्स म्हणून मान्यता मिळायला त्यावरची बी-२ पातळी लागते, आणि वर अनुकूलन (तिथल्या कामाशी जुळवून घेण्याचा) अभ्यासक्रम किंवा ज्ञानचाचणी. ते होईपर्यंत ती मदतनीस म्हणून, कमी पगारावर काम करते. बी-२ हुकलं की हा काळ लांबतो, आणि तेवढ्यात नोकरी सोडली तर भाषावर्गाचा खर्च परत मागणारं कलम पुढे येतं. अमेरिकेत अशाच प्रकारात फिलिपिनो नर्सवर २५,००० डॉलरचा दंड लावला होता. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने तो बेकायदा ठरवला, पण तोवर त्या नर्सची वर्षं गेली होती.

तेव्हा करारात पाहायचं ते हे: मान्यतेआधीचा आणि नंतरचा पगार आकड्यांत लिहिलाय का, परीक्षेच्या किती संधींचा खर्च मालक देणार, परतफेडीची रक्कम दर महिन्याला किती कमी होते, आणि मालकाने शब्द मोडला तर पैसे भारतात कोणाकडून मिळतील. चौथ्या प्रश्नाचं उत्तर बाडेन-वुर्टेमबर्गच्या करारात कुठे आहे, हे विधानसभेत कोणीतरी विचारायला हवं.