गप्प कुठे बसावे आणि कुठे बसू नये

"लक्ष देऊ नका, आपोआप थांबेल" हा सल्ला आमच्या भांडुपच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतक्यांदा दिला गेला आहे की, आता तो नियमच होऊन बसला आहे. सुप्रभातची फुले, क्लासच्या जाहिराती, पार्किंगवरून मारलेले टोमणे यांच्या बाबतीत मी तो मनापासून पाळते. टोमणा मारणाऱ्याला उत्तरच हवे असते. ते मिळाले नाही की त्याचा जोर ओसरतो.

पण मागच्या महिन्यात आमच्याकडे नेहमी येणाऱ्या भंगारवाल्याचा, कोणीतरी गॅलरीतून काढलेला फोटो ग्रुपवर आला आणि त्याखाली "मुले पळवणारी टोळी फिरते आहे" असा मजकूर. मजकुरावर दुहेरी बाण होता, म्हणजे तो अनेक हातांतून फिरत आलेला होता; फोटो मात्र आमच्याच गेटवरचा. मी वाचले आणि नेहमीप्रमाणे सोडून दिले. तिसऱ्या दिवशी वॉचमनने त्याला गेटवरूनच परत पाठवले. गाडीवरची रद्दी सावरत तो मला विचारत होता, "ताई, काय झालं?"

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, याच अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. मर्यादेने वेग कमी होतो. पण आमच्या ग्रुपवर पोहोचलेल्या मजकुराला खोटे म्हणण्याचे काम आमच्यापैकीच कोणीतरी करायला हवे होते.

भंगारवाला गेटवरून परत गेला, त्या संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिले की, हा माणूस कित्येक वर्षे आपल्याकडे येतो, या मजकुरात ठिकाण नाही, तारीख नाही, पोलीस ठाण्याचे नाव नाही, आणि या माणसाचा फोटो अशा मजकुराला जोडणे हा अन्याय आहे. ज्यांनी तो टाकला त्या काकांना मी एका शब्दानेही दुखावले नाही, कारण माझे उत्तर त्यांच्यापेक्षा काही न बोलता वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी होते. "विषय कशाला वाढवता?" असे दोघांनी विचारले, त्यावर मी पुन्हा लिहिले नाही. ॲडमिनने रात्री मूळ मेसेज काढून टाकला, हे बरेच झाले, पण नुसता तो काढला असता तर वाचलेल्यांच्या मनातली भीती तशीच राहिली असती.

भंगारवाला आता पुन्हा येतो. गाडी मात्र गेटबाहेरच लावतो आणि वॉचमनने हात केल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही.