मागच्या दाराने सीएस?

दरवर्षी १ ऑगस्टला कॉमन ॲप (अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) नव्या वर्षासाठी उघडतं आणि त्याच आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा येतो. मी फ्रीमाँटला राहते. न्यू जर्सीच्या मैत्रिणी तो पाठवतात आणि पुण्याहून वहिनीही पाठवते. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेतल्या नामवंत कॉलेजांत भारतीय मुलाने कॉम्प्युटर सायन्स (सीएस) लिहिलं की अर्ज गेलाच म्हणून समजा. त्याऐवजी क्लासिक्स (प्राचीन ग्रीक-लॅटिन), मानववंशशास्त्र, धर्माभ्यास असा ओस पडलेला विषय लिहा. त्या विभागांना विद्यार्थी हवेच असतात, तिथे स्पर्धा नाही. एकदा आत शिरलं की दुसऱ्या वर्षी सीएस घ्या, कुणी अडवत नाही. फॉर्मवरचा मेजर, म्हणजे मुख्य विषय, कुणी तपासत नाही. आणि काहीही झालं तरी 'अनडिसायडेड' (विषय अजून ठरलेला नाही) लिहू नका.

मी प्रवेश समितीत कधी बसलेली नाही. बारा वर्षं ओळखीच्या मुलांचे एसे, म्हणजे अर्जासोबतचे निबंध, वाचून देते, एवढंच. पण या मेसेजवर विसंबून अर्ज केलेली मुलं मी जवळून पाहिली आहेत. त्यातली दोघं अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत, म्हणून हे लिहायला बसले.

सगळ्यात घातक वाक्य 'दुसऱ्या वर्षी बदलता येतं' हे आहे. तिथूनच सुरुवात करते.

काही कॉलेजांबाबत हे अगदी खरं आहे. हार्वर्डला प्रवेश कॉलेजात मिळतो, विभागात नव्हे. विषय दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात जाहीर करायचा असतो. येल, स्टॅनफर्ड, ब्राउन इथे दुसरं वर्ष संपेपर्यंत मुभा आहे. एमआयटीत पहिल्या वर्षी कुणालाच मेजर नसतो आणि वर्ष संपताना हवा तो घेता येतो. पण मग जरा पुढे विचार करा. जिथे आत गेल्यावर विषय इतक्या मोकळेपणी निवडता येतो, तिथे विभागवार जागा बांधलेल्याच नाहीत. सगळा वर्ग एकाच आवडीच्या मुलांनी भरू नये याकडे ही कॉलेजं लक्ष देतात, हे मान्य. तरी क्लासिक्सचा कोटा आणि सीएसचा कोटा असा हिशोब तिथे नसतो. ज्या रिकाम्या जागेतून आत शिरायचं म्हणता, ती जागाच तिथे नाही.

आणि जिथे विषयाप्रमाणे जागा आहेत, तिथे आत गेल्यावर बदल करणं अवघड आहे. बर्कलीचंच बघा. पूर्वी तिथे लेटर्स अँड सायन्स या कॉलेजमध्ये कुठल्याही विषयाने आलेला विद्यार्थी ठरावीक तीन कोर्समध्ये ३.३ जीपीए (ग्रेड्सची सरासरी) मिळवून सीएस जाहीर करू शकत असे. मला वाटतं, आपल्या मेसेजचा उगम त्या जुन्या बर्कलीत असावा, कारण तेव्हा शिकून गेलेले दादा-ताई आजही तोच सल्ला मनापासून देतात. पण २०२३च्या फॉल सत्रापासून तिथे सीएसला थेट प्रवेश सुरू झाला. बाकीच्या विद्यार्थ्यांना मागाहून यायचं तर वेगळी छाननी, तीही मोजक्या जागांसाठी. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलन स्कूलचं, म्हणजे तिथल्या सीएस विभागाचं, सांगणं याहून स्पष्ट आहे: सीएस हवं असेल तर पहिल्या अर्जातच सीएस लिहा, मागाहून येण्याची शक्यता फार कमी. कार्नेगी मेलनला अर्ज स्कूलकडे, म्हणजे विद्यापीठातल्या एकेका शाखेकडे, जातो आणि स्कूल ऑफ कॉम्प्युटर सायन्समध्ये बाहेरून यायचं तर आधी जागा उरायला हवी. टेक्सासमध्ये तर कायद्यानेच तिथल्या शाळांच्या वरच्या क्रमांकांतल्या मुलांना ऑस्टिनच्या विद्यापीठात जागा मिळते (आधी पहिले ६ टक्के, २०२६च्या फॉलपासून ५ टक्के), पण त्या मुलांनासुद्धा मेजरची हमी नाही. विद्यापीठात प्रवेश आणि मेजरला प्रवेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका नियमात दिसतं.

आमच्या ओळखीतला एक मुलगा असाच मानव्यशाखेच्या विषयावर एका मोठ्या सरकारी विद्यापीठात गेला. राज्याबाहेरचा म्हणून फी भरमसाट. सीएसच्या वरच्या कोर्सेसना आधी मेजरच्या मुलांची नोंदणी होते, त्यामुळे हा प्रत्येक टर्मला वेटलिस्टवर. मेजर बदलायला दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा नकार. दरम्यान ज्या विषयात नाव होतं त्यात मन नव्हतं, तिथले ग्रेड्स घसरले, आणि घसरलेल्या ग्रेड्समुळे तिसऱ्यांदा अर्ज करण्यात अर्थ उरला नाही. शेवटी त्याच विषयाची डिग्री घेऊन तो बाहेर पडला. त्याची आई मला म्हणाली, 'आम्हीच त्याला चुकीच्या गाडीत बसवलं गं.' मुलगा हुशार होता, कष्टाळू होता. सीएसच्या अर्जाला कुठेतरी, जरा कमी नावाच्या विद्यापीठात, त्याला नक्की जागा मिळाली असती असं मला आजही वाटतं.

आता 'ओस पडलेल्या विषयाला स्पर्धा नाही' हा मुद्दा. तो आपल्याला इतका पटतो, कारण आपण कटऑफ बघत मोठे झालो. कॅप राउंडला कॉम्प्युटरचा कटऑफ वर, सिव्हिलचा खाली. मग हव्या त्या कॉलेजात मिळेल ती ब्रँच घ्या, पुढे बदलता आली तर बदला. तिथे तो हिशोब बरोबर आहे, कारण तिथे एका बाजूला मार्क आणि दुसऱ्या बाजूला जागा, एवढंच असतं. सिव्हिल का घेतलंस, असं कुणी विचारत नाही.

अमेरिकेतल्या या कॉलेजांत अख्खी फाइल वाचतात. चार वर्षांचे विषय आणि ग्रेड्स, शिक्षकांची पत्रं, शाळेच्या काउन्सेलरचं पत्र, ६५० शब्दांचा एसे, कॉलेजचे स्वतःचे प्रश्न, आणि जास्तीत जास्त दहा ॲक्टिव्हिटीज, प्रत्येकीचं वर्णन १५० अक्षरांत. क्लासिक्स लिहिणारी मुलं कमी असतात, पण ती कोण असतात? शाळेत चार वर्षं लॅटिन घेतलेली, नॅशनल लॅटिन एक्झामला बसलेली, ज्युनिअर क्लासिकल लीगच्या संमेलनांना जाणारी, सुट्टीत रोमन कवी ओव्हिड वाचणारी. तुमचा मुलगा त्या रांगेत उभा राहणार. त्याच्या फाइलमध्ये एपी (कॉलेजच्या पातळीचं) कॉम्प्युटर सायन्स, रोबोटिक्स, दोन हॅकेथॉन, पत्र लिहिणारे शिक्षक गणिताचे आणि फिजिक्सचे, आणि लॅटिन शून्य. कमी अर्ज आले म्हणून ते सोपे ठरत नाहीत. सीएसच्या गर्दीत निदान त्याच्याकडे दाखवायला काम होतं, या रांगेत तेही नाही.

दुसरा मुलगा पुण्याचा. त्याला एका काउन्सेलिंगवाल्यांनी मानववंशशास्त्र लिहायला लावलं. घरासमोरून दरवर्षी पालखी जाते, म्हणून विषय ठरला वारी. एक दिवस आळंदीला नेऊन फोटो काढले आणि त्यावर एसे लिहून घेतला. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांपैकी एका बाईंनी झूमवर मुलाखत घेतली. त्यांनी खरोखरच्या कुतूहलाने विचारलं की वारीबद्दल तू काय वाचलंस, कुठल्या दिंडीशी बोललास, त्या लोकांनी काय सांगितलं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. हे त्यानेच मला सांगितलं, मान खाली घालून. मला याहून जास्त लागली ती वेगळी गोष्ट. त्याने दोन वर्षं खपून गॅलरीत एक रोबो बनवला होता. भंगारातल्या मोटारी, तीनदा जळलेला सर्किट बोर्ड, सगळं स्वतः शिकून. तो रोबो अर्जात खाली कुठेतरी सातव्या ओळीत ढकलला होता, 'मानववंशशास्त्राच्या गोष्टीत बसत नाही' म्हणून. सतरा वर्षांच्या मुलाला त्याची सगळ्यात चांगली गोष्ट लपवायला आपण सांगितली. प्रवेश मिळो न मिळो, हे मला फार चुकीचं वाटतं.

'कुणी तपासत नाही' याचं उत्तर यातच आलं. तरी आणखी दोन गोष्टी. येलच्या अर्जात तीनपर्यंत विषय निवडता येतात, आणि मग त्यातल्या एखाद्याशी जोडलेली, तुम्हाला झपाटून टाकणारी कल्पना कोणती ते २०० शब्दांत लिहायचं असतं. एमआयटी मेजरप्रमाणे प्रवेश देतच नाही, तरी सध्या कुठलं क्षेत्र सगळ्यात जवळचं वाटतं आणि का, हे विचारते. प्रश्न मेजरच्या खुणेपाशी थांबत नाही, तो 'का' विचारतो. समोरच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मान्य करते: कॉलेजं कॉमन डेटा सेट नावाच्या माहितीच्या तक्त्यात प्रवेशाच्या घटकांची यादी भरतात, त्यात ग्रेड्स, एसे, शिफारसपत्रं असं बरंच काही असतं, पण नियोजित मेजर असा घटक नसतो. म्हणजे नुसत्या मेजरवर फाइल तरते किंवा बुडते असं नाही. पण बाकीचे कागद वाचताना तो शब्द वाचणाऱ्याच्या मनात असतोच.

भारतातून येणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट त्या मेसेजमध्ये नाही, आणि तिचा फटका मोठा बसू शकतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्याला डिग्रीनंतर ओपीटीवर, म्हणजे त्या व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं. डिग्री स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीतल्या विषयाची असेल तर आणखी २४ महिने मिळतात. आय-२० वर, म्हणजे कॉलेजने व्हिसासाठी दिलेल्या कागदावर, मेजर छापलेला असतो. सीएसमध्ये बदल झाला नाही आणि क्लासिक्सचीच डिग्री हाती आली, तर हातात एकच वर्ष उरतं. वर्षाला ८० हजार डॉलरांहून जास्त खर्च असलेल्या कॉलेजसाठी शिक्षणकर्ज काढलेल्या घरात हा फरक किती मोठा आहे, ते वेगळं सांगायला नको. ज्याला तत्त्वज्ञानच शिकायचं आहे त्याने जरूर शिकावं, पण हे गणित माहीत असताना.

'अनडिसायडेड' लिहू नका, यात फारसं तथ्य नाही. ज्या कॉलेजांत विषय दुसऱ्या वर्षी ठरतो, तिथे अनडिसायडेड असणं हीच रीत आहे. जिथे विषयावर प्रवेश आहे आणि तुम्हाला सीएस किंवा इंजिनिअरिंग हवं हे नक्की आहे, तिथे मात्र अनडिसायडेड लिहून स्वतःचीच वाट बंद होऊ शकते.

मेसेजच्या मुळाशी एक खरी भीती आहे आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. जिथे सीएसला वेगळा प्रवेश आहे तिथे तो बाकी विषयांपेक्षा खूप अवघड आहे. म्हणून डोकं चालवायलाच हवं, पण ते कॉलेजांची यादी करताना. प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे तीन गोष्टी लिहून काढा: प्रवेश विषयावर मिळतो, स्कूलवर मिळतो की अख्ख्या कॉलेजात, बदलाचा आजचा लेखी नियम काय, आणि सीएस न मिळता तिथे दुसऱ्याच विषयात चार वर्षं काढायची वेळ आली तर जायचं का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर ते कॉलेज दुसऱ्या विषयावर यादीत ठेवू नका. यूसीच्या (बर्कली ज्यात येतं त्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या) अर्जात काही कॅम्पसना पर्यायी मेजर देता येतो. तोही असाच निवडा, ज्यात मूल खरोखर शिकेल. आणि ज्याला दोन गोष्टी मनापासून आवडतात त्याच्यासाठी उघड वाटा आहेतच. इलिनॉय विद्यापीठात २०१४पासून सीएस आणि मानववंशशास्त्र, सीएस आणि भाषाशास्त्र असे जोडमेजर आहेत. स्टॅनफर्डचा सिम्बॉलिक सिस्टिम्स हा मेजर १९८६पासून तत्त्वज्ञान, भाषाशास्त्र, मानसशास्त्र आणि सीएस एकत्र शिकवतो. याही जागा सोप्या नाहीत, पण तिथे काही लपवावं लागत नाही.

यंदा माझ्याकडे पुण्याची एक मुलगी आहे. तिच्या आजोबांच्या ट्रंकेत मोडीतली जुनी कागदपत्रं सापडली, ती वाचायला म्हणून ती मोडी शिकली. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ मारतात, मग अक्षरं एकात एक गुंफत जातात, दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. कॉम्प्युटरला ते वाचायला शिकवायचं तर शब्द कुठे संपतो हेच आधी कळत नाही. ती आठ महिने त्याच्याशी झगडते आहे, पायथॉन घेऊन, एकेका अक्षराला खुणा करत. मध्ये पाणिनी लिंग्विस्टिक्स ऑलिंपियाडलाही बसली. परवा फोनवर विचारत होती, 'काकू, सगळे म्हणतात सीएस लिहू नको, नुसतं भाषाशास्त्र लिही. मी काय करू?' आम्ही दोघींनी तिच्या नऊ कॉलेजांची यादी समोर घेतली आणि ते तीन रकाने भरले. चार ठिकाणी तिने सीएस लिहिलं, इलिनॉयला सीएस आणि भाषाशास्त्र, येलला दोन्ही विषय वेगवेगळे. दोन सरकारी विद्यापीठं तिने स्वतःच खोडली, कारण तिथे सीएस मिळालं नाही तर जायचं नाही हे तिचं पक्कं होतं. उरलेल्या एकाचा नियम अजून आम्हाला नीट कळलेला नाही, म्हणून तिने काल तिथल्या प्रवेश कार्यालयाला ईमेल पाठवलं आहे.