प्रिंट काळी आली की ब्राइटनेस वाढवा? आधी इंकचा कर्व्ह बघा

फोटोवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय की मॉनिटर कॅलिब्रेट केला आणि कागदाच्या कंपनीचं आयसीसी प्रोफाइल (त्या प्रिंटरवर, त्या कागदावर रंग कसे उतरतात याची नोंद असलेली फाइल) टाकलं की काम झालं, इंकचे कर्व्ह (कुठल्या टोनला किती इंक सोडायची ते ठरवणारी सेटिंग) बसवत बसणं म्हणजे कागद नि वेळ वाया, प्रिंट काळी आली तर फोटोशॉपमध्ये ब्राइटनेस वाढवा, आणि कर्व्ह बसवायचाच असेल तर एकदा बसवला की कायमचा पुरतो. बालगंधर्वच्या कलादालनात लावायला कोणी महागड्या कॉटन कागदावर ब्लॅक अँड व्हाइट छापत असेल तर त्याचं यात खरंच नुकसान होतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी प्रोफाइल. प्रिंटर, इंक, ड्रायव्हर सगळं एकाच कंपनीचं असेल आणि मीडिया सेटिंग (ड्रायव्हरमध्ये निवडायचा कागदाचा प्रकार) प्रोफाइलसोबत सांगितलंय तेच ठेवलं असेल तर तयार प्रोफाइल छान चालतं, हे मान्यच आहे. पण ते का चालतं? कारण त्या मीडिया सेटिंगमागे कंपनीने लिनियरायझेशन (फिक्यापासून काळ्यापर्यंतच्या पायऱ्या सारख्या अंतराने पडतील असा इंकचा कर्व्ह बसवणं) आधीच करून ठेवलेलं असतं, म्हणजे ते काम टळलेलं नाही, तुमच्या आधी दुसऱ्या कोणीतरी केलंय. तुम्ही रिप (कंपनीच्या ड्रायव्हरऐवजी छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर) वापरायला लागलात, इंक दुसरी भरलीत, किंवा शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला कागद आणून त्यावर छापायचं ठरवलंत की ते केलेलं काम तुमच्या उपयोगाचं राहत नाही. साध्या हातकागदावर इंकजेटचं कोटिंग नसतं, इंक आत शिरते, पसरते, तिथे मुळात तयार प्रोफाइलच कुठून मिळणार! आणि प्रोफाइल फक्त प्रिंटर कसा वागतो ते टिपून घेतं. वागणंच धड नसेल, गडद भागातले टोन एकमेकांत मिसळलेले असतील, तर ते वेगळे करून द्यायची ताकद प्रोफाइलमध्ये नाही.

ब्राइटनेसचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. २१ चौकोनांची करडी पट्टी छापा, ०, ५, १० असं करत १०० टक्क्यांपर्यंत, आणि लॅब या रंग मोजायच्या पद्धतीतली एल व्हॅल्यू मोजा, म्हणजे उजळपणा: ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा. समजा मॅट कागदाचा पांढरा ९६ आहे आणि सगळ्यात गडद काळा १७. मग सरळ हिशोबाने ५० टक्क्यांचा चौकोन साधारण ५६ ला यायला हवा आणि प्रत्येक पायरीत जवळपास ४ चा फरक पडायला हवा. कर्व्ह न बसवलेल्या सेटअपवर मधला चौकोन ४५ च्या आसपास येतो आणि ८५, ९०, ९५, १०० हे चारही १७ ला चिकटून बसतात, असं सर्रास दिसतं. कधीकधी तर १०० चा चौकोन ९५ पेक्षा किंचित फिका निघतो, कारण कागद एका मर्यादेपलीकडे इंक पीतच नाही, वर ओतलेली इंक काळेपणा न वाढवता नुसती साचते. आता तुमच्या फोटोत कसब्यातल्या जुन्या वाड्याचा सागवानी दरवाजा आहे आणि त्यावरच्या लोखंडी खिळ्यांचं डिटेल नेमकं त्या चार चौकोनांच्या पट्ट्यात आहे. ब्राइटनेस वाढवून मिडटोन वर येतील, पण खिळे वेगळे दिसायला ते टोन ८० टक्क्यांपेक्षा फिके करावे लागतील आणि तोवर अख्खा दरवाजा करडा पडलेला असेल, काळ्याचं वजनच गेलं. इथे आधी इंक लिमिट (जास्तीत जास्त किती इंक पडू द्यायची ती मर्यादा) खाली आणायचं, जिथे काळेपणा वाढायचा थांबतो तिथे, आणि मग त्याखालच्या पायऱ्या कर्व्हने सारख्या करायच्या.

मॉनिटरबद्दल मात्र मेसेज बराचसा बरोबर आहे. प्रिंट काळी वाटण्याचं सगळ्यात कॉमन कारण म्हणजे मॉनिटर गरजेपेक्षा उजळ असणं, तो ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरच्या दरम्यान आणला की अर्ध्या तक्रारी मिटतात. पण दोष मॉनिटरचा की इंकचा हे कळणार कसं? त्याच पट्टीवरून, कारण पट्टीच्या मापात मॉनिटरचा संबंधच येत नाही. पायऱ्यांची मापं सारख्या अंतराने आली तर मॉनिटरकडे बघा, नाही आली तर मॉनिटर कितीही सेट करा, काही उपयोग नाही.

आणि एकदा केलं की कायमचं, हे तर पुण्यात अजिबात चालत नाही. मे महिन्यातली कोरडी हवा आणि जुलैतली ओल यात कॉटनचा कागद वेगवेगळा वागतो, ओलावा धरलेल्या कागदावर इंक वेगळी पसरते. प्रिंटरचं हेड बदललं, इंक बदलली, कागदाचा नवा लॉट आला तरी पट्टी परत छापून बघायची, जुन्या मापांशी जुळली तर कर्व्हला हात लावायची गरज नाही.

मोजायचं मशीन, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर, महाग असतं म्हणून सोडून देऊ नका. ते नसेल तर माहीत असलेल्या मापांची एक पट्टी शेजारी ठेवून फ्लॅटबेड स्कॅनरवरही ब्लॅक अँड व्हाइटपुरतं काम भागतं, फक्त स्कॅनरची सगळी ऑटो करेक्शन्स बंद करायची. रॉय हॅरिंग्टन यांचं क्वाडटोनरिप अशाच मापांवरून कर्व्ह लिनियराइझ करतं. पट्टी छापल्या छापल्या मोजू नका, रात्रभर सुकू द्या, विशेषतः पावसाळ्यात, आणि उरलेला कागद पाकिटात घालून नीट बंद करून ठेवा.